वडिलांचा युरिया १७, माझा ४८ : काळजी नेमकी कोणाची करायची?

प्रश्न : मी ४४ वर्षांचा असून घणसोलीला राहतो आणि ऐरोलीतल्या एका कंपनीत बैठे काम करतो. माझे वजन ७४ किलो आहे. गेल्या वर्षापासून जिमला जातो आणि तिथल्या प्रशिक्षकांच्या सांगण्यावरून रोज साधारण १३० ग्रॅम प्रथिने घेतो. सकाळी चार अंडी, दुपारच्या डब्यात चिकन, संध्याकाळी व्हे पावडरचा एक स्कूप, रात्री मासे किंवा पनीर. माझे वडील ७१ वर्षांचे आहेत, वजन ६२ किलो. ते ठाण्याला नौपाड्यात राहतात. त्यांचे जेवण अगदी बेताचे असते. दुपारी दोन पोळ्या, भाजी, पातळ आमटी, थोडा भात आणि रात्री मेतकूट-भात किंवा दूधभात. "या वयात अंगाला लागतं किती? सवय झाली आहे आता," असे ते म्हणतात. गेल्या महिन्यात आम्ही दोघांनी एकाच लॅबमध्ये रक्त तपासले. त्यांचे ब्लड युरिया १७ आणि क्रिएटिनिन ०.७ आले, माझे युरिया ४८ आणि क्रिएटिनिन ०.९. माझ्या युरियापुढे लॅबने खूण केली आहे, त्यामुळे प्रथिने खाऊन मी किडनी बिघडवून घेतली असे घरात सगळे म्हणू लागले आहेत. शिवाय गटारी झाली की आमच्याकडे महिनाभर श्रावण पाळतात आणि सोमवारी, शनिवारी उपास असतो. एकदम सगळे बंद केल्यावर कमावलेले स्नायू जातील, की शरीर जुळवून घेईल? आणि वडिलांच्या शरीराने कमी खाण्याची खरोखरच सवय करून घेतली आहे का? — एक वाचक, घणसोली

उत्तर : नमस्कार. जेवणातून आलेल्या प्रथिनांचा हिशेब शरीर कसे ठेवते, जास्त झाले तर ते बाहेर कसे टाकते आणि कमी पडले तर काटकसर कशी करते, हे एकदा समजले की तुमच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली दिसतील. मात्र एक गोष्ट आधीच सांगते. ज्या अहवालावर खूण आहे त्यापेक्षा खूण नसलेल्या, म्हणजे तुमच्या वडिलांच्या अहवालाची मला अधिक काळजी वाटते.

जास्तीची चरबी शरीर साठवून ठेवते आणि साखरेचाही थोडा साठा यकृतात व स्नायूंत असतो. प्रथिनांसाठी मात्र असे कोठार नाही. तुमच्या अंगातली दहा-अकरा किलो प्रथिने स्नायू, रक्त, त्वचा, आतडी, विकरे (एन्झाइम) अशा कुठल्या ना कुठल्या कामाला लागलेली आहेत. ती स्थिरही नाहीत. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात रुडॉल्फ शोएनहायमर यांनी १९३० च्या दशकात जड नायट्रोजनची खूण केलेली अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे घटक, उंदरांना खाऊ घालून दाखवले की शरीरातली प्रथिने सतत मोडत आणि नव्याने बांधली जात असतात. प्रौढ माणसात ही मोडतोड दिवसाला अडीचशे ते तीनशे ग्रॅमची असते, म्हणजे आपण खातो त्याच्या कितीतरी पट. तुमच्या सकाळच्या अंड्यांतली अमिनो आम्ले आणि तुमच्याच स्नायूंतून सुटलेली अमिनो आम्ले एकाच रक्तप्रवाहात मिसळतात, त्यांतून बांधकामाला लागतील तेवढी उचलली जातात आणि उरलेली जाळली जातात.

जाळताना कार्बनचा भाग ऊर्जेला, साखरेला किंवा चरबीला उपयोगी पडतो. नायट्रोजन, म्हणजे नत्र, मागे उरते. ते अमोनियाच्या रूपात रक्तात साचले तर मेंदूला विषासारखे बाधते. म्हणून स्नायू आपले नत्र अॅलॅनिन आणि ग्लुटामिन या निरुपद्रवी अमिनो आम्लांच्या रूपात रवाना करतात आणि यकृत त्याचा युरिया बनवते. युरियाच्या प्रत्येक रेणूत नत्राचे दोन अणू बाहेर पडतात. ही चक्राकार प्रक्रिया हान्स क्रेब्स आणि त्यांचे विद्यार्थी कुर्ट हेन्झेलाइट यांनी १९३२ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्ग येथे उलगडली. युरिया पाण्यात सहज विरघळतो आणि मूत्रपिंडे तो लघवीवाटे बाहेर काढतात. खाल्लेल्या प्रथिनांच्या वजनाचा साधारण सहावा हिस्सा नत्राचा असतो, त्यामुळे जितकी प्रथिने जास्त तितका युरिया जास्त, हे ओघानेच येते.

आता शरीराच्या जुळवून घेण्याविषयी. त्याचे दोन वेग आहेत आणि तुमच्या श्रावणाच्या प्रश्नाचे उत्तर या दोन वेगांतच आहे. भरपूर प्रथिनांचे जेवण झाले की काही तासांतच यकृतात एक लहानसा संदेशक रेणू वाढतो आणि युरिया बनवणारे पहिले विकर अधिक जोमाने काम करू लागते. हा झाला तातडीचा प्रतिसाद. परंतु असेच जेवण रोज चालू राहिले, तर विकरांची संख्याच वाढते आणि त्याला काही दिवस लागतात. रॉबर्ट शिम्के यांनी १९६२ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांत युरियाचक्रातली विकरे आहारातल्या प्रथिनांच्या प्रमाणात वाढलेली आणि प्रथिने कमी केल्यावर घटलेली आढळली. त्याच प्रयोगमालेतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग उपासाचा आहे. उंदरांना पूर्ण उपाशी ठेवले तेव्हा ही विकरे वाढली, कारण उपाशी शरीर स्वतःचीच प्रथिने मोडून साखर बनवत होते आणि त्यातून सुटणारे नत्र बाहेर टाकावे लागत होते. मात्र प्रथिने नसलेला पण पिष्टमय पदार्थांनी भरलेला आहार दिला तेव्हा तीच विकरे घटली. म्हणजे यकृताला ताटातली प्रथिने आणि अंगातली प्रथिने यांत भेद नाही. जे नत्र त्याच्यापर्यंत पोहोचेल, त्यासाठी ते तयारी करते.

आता तुमच्या अहवालाकडे येते. ऑटो फोलिन यांनी १९०५ मध्ये निरोगी माणसांना आधी भरपूर प्रथिनांचा आणि मग अगदी कमी प्रथिनांचा आहार देऊन त्यांच्या लघवीचे पृथक्करण प्रसिद्ध केले. त्यांच्या नेहमी उद्धृत होणाऱ्या उदाहरणात एकूण नत्र दिवसाला १६.८ ग्रॅमवरून ३.६ ग्रॅमवर आले आणि त्यात युरियाचा वाटा सुमारे ८७ टक्क्यांवरून ६२ टक्क्यांच्या आसपास उतरला. क्रिएटिनिन, म्हणजे स्नायूंतून रोज बाहेर पडणारा टाकाऊ पदार्थ, मात्र जिथल्या तिथे राहिले. सव्वाशे वर्षे होत आली तरी तुमचे दोघांचे अहवाल वाचायला याहून चांगली किल्ली नाही. युरिया आहारानुसार हलतो. क्रिएटिनिन मुख्यतः अंगातल्या स्नायूंच्या प्रमाणावर ठरते. तुम्ही रोज १३० ग्रॅम प्रथिने खाता, म्हणजे ३५ ग्रॅमच्या आसपास युरिया तुमच्या लघवीतून जात असणार. वडिलांचा सात-आठ ग्रॅमच असेल. मूत्रपिंडे दोघांचीही उत्तम असली तरी रक्तातले आकडे सारखे येणार नाहीत. तुमचे ०.९ हे क्रिएटिनिन तुमच्या वयाला मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता मिनिटाला नव्वद मिलिलिटरच्या वर असल्याचे सांगते, आणि हे समाधानकारक आहे. सकाळी व्यायाम करून, घाम गाळून, पाणी न पिता उपाशीपोटी रक्त दिले असेल तर त्यानेही युरिया वर जातो, कारण पाणी वाचवताना मूत्रपिंडे युरियाही परत शोषून घेतात. काही लॅब युरियाऐवजी 'बीयूएन' म्हणजे युरियातल्या केवळ नत्राचा आकडा देतात, त्याला २.१४ ने गुणले की युरियाचा आकडा मिळतो. दोन ठिकाणचे अहवाल ताडून पाहताना हे आवर्जून तपासा.

तरीही एवढ्यावर तुम्हाला निर्धास्त करणे मला योग्य वाटत नाही. प्रथिने जास्त असली की मूत्रपिंडे अधिक रक्त गाळतात. निरोगी माणसात हे जुळवून घेणेच आहे. पण मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा आधीपासूनचा विकार असेल तर तोच भार ठरतो, आणि हे विकार पुष्कळदा वर्षानुवर्षे लक्षात येत नाहीत. म्हणून रक्तदाब मोजून घ्या, रक्तातली साखर पाहा आणि लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाची तपासणी करून घ्या. आदल्या दिवशी व्यायाम न करता, पुरेसे पाणी पिऊन आणि तीन-चार दिवस साधे घरचे जेवण जेवून युरिया पुन्हा तपासा. क्रिएटिन नावाची पावडर घेत असाल तर तसे डॉक्टरांना सांगा, कारण तिने मूत्रपिंडांना काही झालेले नसतानाही क्रिएटिनिन वाढू शकते. आणखी असे की, व्यायाम करणाऱ्यांवरच्या अभ्यासांत किलोमागे सुमारे १.६ ग्रॅमच्या पुढे स्नायूवाढीचा फायदा फारसा वाढताना दिसत नाही. तुमच्या वजनाला ते ११८ ग्रॅम होतात. त्यावरची प्रथिने यकृत जाळते आणि त्यांचा युरिया होतो, तेव्हा रोजचा स्कूप अर्धा केला तरी तुमचे काही अडणार नाही.

गटारी आणि श्रावण यांमधली उडी शरीराच्या दृष्टीने मोठी आहे. अमावास्येला मटण-चिकनचा बेत होतो आणि दुसऱ्या दिवसापासून प्रथिने अर्ध्यावर येतात. परंतु यकृतातली वाढलेली विकरे त्या दिवशी तिथेच असतात. ती पूर्वीच्याच वेगाने अमिनो आम्ले जाळत राहतात, त्यामुळे सुरुवातीचे काही दिवस शरीरात येणाऱ्या नत्रापेक्षा जाणारे अधिक असते आणि हळूहळू, साधारण आठवडाभरात, ते नव्या आहाराच्या पातळीला येते. या काळात जाते ते बरेचसे यकृत आणि आतडी यांच्यातले, लवकर भरून येणारे प्रथिन असते, दंडाचे आणि मांड्यांचे नव्हे. पुढे काटकसर सुरू होते. अमिनो आम्लांना बांधकामाकडे नेणारी विकरे रक्तात ती थोडी असतानाही पकडतात, तर जाळणारी विकरे ती मुबलक असतानाच जोर धरतात. त्यामुळे तुटवड्यात आपोआपच बांधकामाला प्राधान्य मिळते. ल्युसिनसारखी जी अमिनो आम्ले शरीराला स्वतः बनवता येत नाहीत, त्यांचे ज्वलन रोखण्यासाठी तर खास नियंत्रण आहे.

म्हणून तुम्ही श्रावणाच्या आधीच्या आठवड्यापासूनच प्रथिने टप्प्याटप्प्याने कमी करा आणि महिनाभर ८० ते ९० ग्रॅमवर राहा. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे तुम्हाला ६१ ग्रॅम, हे किमान समजा. घट्ट वरण, मोड आलेली कडधान्ये, पनीर, दही, सोयाबीनच्या वड्या यांतून एवढे सहज जमते, आणि व्यायाम चालू ठेवलात तर एका महिन्यात स्नायू जाणार नाहीत.

सोमवारच्या उपासाविषयी थोडे सविस्तर सांगावेसे वाटते, कारण साबुदाण्याला हल्ली सरसकट नावे ठेवली जातात. साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतात, हे खरे. तरीही काहीच न खाण्यापेक्षा खिचडी बरी. जेम्स गॅम्बल यांनी १९४० च्या दशकात, समुद्रात तराफ्यावर अडकलेल्यांना काय शिधा द्यावा हे ठरवताना दाखवले की पूर्ण उपास करणाऱ्याला दिवसाला केवळ १०० ग्रॅम ग्लुकोज दिले तरी शरीरातल्या प्रथिनांची हानी अर्ध्यावर येते. पिष्टमय पदार्थांनी इन्सुलिन वाढते आणि मोडतोड आवरली जाते. उपासात शरीर लगेच चरबीवर जाते आणि स्नायू सुरक्षित राहतात ही समजूत अपुरी आहे. मेंदूला साखर पुरवण्यासाठी पहिल्या काही दिवसांत प्रथिने मोडलीच जातात, आणि मेंदू मोठ्या प्रमाणावर चरबीपासून बनणारे कीटोन वापरू लागल्यावर होणारी खरी बचत आठवड्यांनंतर दिसते. एका दिवसाचा निर्जळी उपास त्या टप्प्याच्या जवळपासही जात नाही. तेव्हा खिचडीत दाण्याचे कूट सढळ हाताने घाला. तीस ग्रॅम कुटात सात-आठ ग्रॅम प्रथिने असतात. सोबत वाटीभर दही किंवा दूध, एखाद्या वेळी राजगिऱ्याची थालीपिठे, आणि संध्याकाळी सोमवार सोडताना वरणभात व वालाचे बिरडे असेल तर दिवसाचा हिशेब फारसा चुकत नाही. कडवे वाल भिजवून, मोड आणून, सोलत बसण्याचे कष्ट ज्या घरांत अजून घेतले जातात, त्या घरांनी ते सोडू नयेत असे मला मनापासून वाटते. उपासाच्या दिवशी जड वजने उचलू नका, आणि श्रावण संपल्यावर एकदम १३० वर जाऊ नका.

आता तुमच्या वडिलांविषयी. अंगाला सवय झाली आहे हे त्यांचे म्हणणे खोटे नाही, पण ते पुरेसेही नाही. तुम्ही लिहिलेल्या जेवणावरून ते दिवसाला ३५ ग्रॅमच्या आसपास प्रथिने घेत असावेत. इतक्या कमी आहारात यकृताने ज्वलन कमी केले आहे, युरिया कमी केला आहे, आणि आणखी एक मार्ग वापरला आहे. तयार झालेल्या युरियाचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा आतड्यात उतरतो, तिथले जीवाणू त्याचे नत्र सोडवतात आणि ते यकृताकडे परत येते. आहारात प्रथिने कमी असतील तेव्हा या परतलेल्या नत्राचा अधिक भाग पुन्हा उपयोगात आणला जातो. ही काटकसर थक्क करणारी आहे. परंतु तिला तळ आहे. प्रथिने अजिबात खाल्ली नाहीत तरी लघवी, शौच आणि त्वचेवाटे किलोमागे रोज पन्नास मिलिग्रॅमच्या आसपास नत्र जातच राहते. ६२ किलोच्या माणसाचे ते सुमारे तीन ग्रॅम, म्हणजे १९-२० ग्रॅम प्रथिने. खाल्लेले प्रत्येक प्रथिन पूर्ण उपयोगात येत नसल्याने भरपाईला याच्या दुपटीहून अधिक लागते, आणि पोळी-भातातल्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असल्यामुळे आमटी पातळ असेल तर ती भरपाई आणखी अपुरी पडते. त्यांच्या वजनाला ०.८३ च्या हिशेबाने ५१ ग्रॅम हवेत. वृद्धांच्या पोषणाचा अभ्यास करणारे तज्ज्ञगट तर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम सुचवतात, कारण उतारवयात स्नायू प्रथिनांना कमी प्रतिसाद देतात.

गरजेपेक्षा कमी मिळत राहिले की शरीर शेवटी जमाखर्च जुळवते ते स्वतःलाच लहान करून. स्नायू घटतात, मोडतोड घटते, आणि कागदावर नत्राचा ताळेबंद पुन्हा शून्यावर येतो. माणूस आजारी दिसत नाही. फक्त त्याच्या हातून होणारी कामे एकेक करून कमी होत जातात. तुमच्या वडिलांचे ०.७ क्रिएटिनिन मला म्हणूनच खटकते. एकाहत्तराव्या वर्षी ते तुमच्यापेक्षा खाली आहे याचा अर्थ त्यांची मूत्रपिंडे तुमच्यापेक्षा चांगली आहेत असा नसून, बहुधा स्नायू कमी उरले आहेत असा आहे. याची एक साधी चाचणी घरी करता येते. हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, त्यांना दोन्ही हात छातीवर घडी घालून पाच वेळा उठायला आणि बसायला सांगा, तुम्ही जवळ उभे राहा आणि घड्याळ लावा. पंधरा सेकंदांहून अधिक लागले तर पायांतली ताकद कमी झाल्याचे धरतात. पँटचा पट्टा दोन वर्षांत किती भोके आत गेला आहे आणि ठाणे स्टेशनचा पूल चढताना ते कठड्याला धरतात का, हेही पाहा.

रात्री मेतकूट-भातावर भागवणाऱ्या पुष्कळ ज्येष्ठांचे खरे कारण वय नसते, दात असतात. कवळी सैल झाली आहे का, चावताना दुखते का, हे त्यांना विचारा. स्वतःहून ते सांगणार नाहीत. मेतकुटाला मी नावे ठेवणार नाही, त्यात हरभऱ्याची आणि उडदाची डाळ असते. ते चमच्याऐवजी चांगले दोन-तीन चमचे घाला आणि भातावर दही वाढा. आमटीऐवजी घट्ट वरण किंवा पिठले, पोळीच्या कणकेत थोडे सोयाबीनचे पीठ, सकाळच्या चहाबरोबर बिस्किटांऐवजी मुगाचे धिरडे किंवा चालत असेल तर उकडलेले अंडे, अशा बदलांनी तीन-चार आठवड्यांत ६० ते ६५ ग्रॅमपर्यंत पोहोचता येईल. प्रथिने एकाच जेवणात न कोंबता तिन्ही वेळांना वाटून द्या. त्याचबरोबर तेला-तुपाचा आणि एकूण अन्नाचा हातही थोडा सैल करा, कारण ऊर्जाच कमी पडली तर वाढवलेली प्रथिने शरीर इंधन म्हणून जाळून टाकेल. रोज खुर्चीवरून उठण्या-बसण्याचा व्यायामही सुरू करा. स्नायूंना कामाची मागणी नसेल तर नुसत्या खाण्याने ते भरत नाहीत. तुमच्या डब्यातली व्हे पावडर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांना देऊ नका.

हे सगळे सुरू करण्यापूर्वी त्यांच्या मूत्रपिंडांची आणि यकृताची तपासणी आवश्यक आहे. ज्यांचे स्नायू कमी आहेत त्यांच्यात क्रिएटिनिन फसवे असते, म्हणून लघवीतले अल्ब्युमिन आणि शक्य असल्यास रक्तातले, स्नायूंवर फारसे अवलंबून नसलेले सिस्टॅटिन सी तपासण्याविषयी डॉक्टरांशी बोला. वजन नकळत घटत असेल, पायांवर सूज येत असेल किंवा लघवीला फेस येत असेल, तर आहार बदलण्याआधी त्याचे निदान झाले पाहिजे. तपासण्या ठीक आल्या आणि आहार वाढवला की पुढच्या अहवालात त्यांचा युरिया १७ वरून पंचवीस-तीसपर्यंत चढलेला दिसण्याची शक्यता आहे. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो आकडा पाहून त्यांचे वरण पुन्हा पातळ होईल.